लिंबू-साखरेपासून केमिकल पीलपर्यंत: चेहरा घासण्याचा आपला इतिहास

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय, त्यामुळे वाचताना मध्येच गप्पा मारल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

आजच्या विषयाला निमित्त झाला एक मेसेज. सोलापूरचीच एक श्रोती. तिचं लग्न मे महिन्यात आहे. पार्लरमध्ये तिला पीलचं पॅकेज सांगितलंय. आई म्हणते, हळदीच्या आधी डाळीचं पीठ आणि साय लाव, तेवढं पुरे. मैत्रिणीने रील पाठवलंय, त्यात लिंबू आणि साखर चेहऱ्यावर चोळायची. आणि सगळ्यात शेवटी तिने हळूच लिहिलंय, "फोटोत जरा उजळ दिसायला पाहिजे असं सगळेच म्हणतायत." तर काय करावं?

मी डॉक्टर नाही. जुन्या गोष्टी खणून काढणं हा माझा उद्योग. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासातच आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं आपल्या सोलापूरच्या आसपास सापडतं. चला तर मग.

देवाचं लिंबू-साखर

सुरुवात पंढरपुरापासून. आषाढी वारीच्या दिवसांत विठ्ठलाला झोप नसते. शेजघरातला पलंग काढून ठेवतात, चोवीस तास दर्शन चालू असतं, देवाच्या पाठीला टेकायला लोड देतात. वारी उरकली की काही दिवसांनी प्रक्षाळ पूजा होते. हा देवाचा शीण घालवायचा दिवस. गरम पाण्याने स्नान, रात्री शेजारतीला काढा. आणि त्या आधी देवाच्या पायांना काय चोळतात माहितीय? लिंबू आणि साखर.

म्हणजे ज्याला आज आपण 'लेमन शुगर स्क्रब' म्हणतो, बाटलीत घालून पाचशे रुपयांना विकतो, तो आपल्या जिल्ह्यातल्या देवळात विधीचा भाग आहे. त्यामागची कल्पना किती माणसासारखी आहे बघा. लाखो लोकांनी पायांवर डोकी टेकवली, हात लावले, पाय चिकट झाले, तर ते आंबट आणि खरखरीत वस्तूने स्वच्छ करायचे. आंबट पदार्थ चिकटा सोडवतो, साखरेचा दाणा घासतो. एक रसायन, एक घर्षण. चेहरा घासण्याचे जगातले झाडून सगळे उपचार या दोनच वाटांनी गेलेत.

इंग्रजी 'एक्सफोलिएशन' हा शब्दही मजेशीर आहे. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. एक्सफोलिएशन म्हणजे पानं झडणं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्वचेची पानगळ. त्वचेच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात, मरतात आणि गळून पडतात. तरुण माणसात या फेरीला साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे ही पानगळ आपोआप चालूच असते. आपण करतो ते एवढंच, की झाड जरा हलवतो. आता ते किती जोरात हलवायचं, हा खरा प्रश्न.

विटकरीचा तुकडा आणि कल्याणीचा राजा

आपल्याकडे याचा विचार फार जुना आहे. सुश्रुत संहितेच्या चिकित्सास्थानात अंगाला चोळण्याचे वेगवेगळे प्रकार सांगितलेत. चूर्ण चोळणं म्हणजे उद्वर्तन. याच शब्दावरून आपलं 'उटणं' आलं आणि हिंदीतलं 'उबटन'ही. दुसरा प्रकार उद्घर्षण, म्हणजे सरळ घासणं. त्यासाठी सुश्रुत वस्तू सुचवतो ती म्हणजे वीट! आजीच्या न्हाणीघरातली टाचा घासायची विटकर किंवा वजरी आठवली ना? तिचं कूळ थेट तिथपर्यंत जातं. लक्षात घ्या, घासणं वेगळं आणि लेप वेगळा, हा फरक त्या काळीही केलेला होता. टाचेला विटकर चालते. गालाला ती लावायला कुठल्याच आजीने सांगितलेलं नाही.

आता सोलापूरहून हैदराबादच्या वाटेला लागा. सीमा ओलांडली की बसवकल्याण येतं. हीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. आपला सगळा मुलूख एकेकाळी त्यांच्या राज्यात होता. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, साधारण ११३० च्या आसपास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसे खेळ खेळावेत, हत्ती कसे पाळावेत, सगळं त्यात आहे. त्यात स्नान हा राजाचा एक स्वतंत्र उपभोग म्हणून आलाय. सुगंधी तेल, मर्दन, मग तेल काढायला चूर्ण, मग पाणी. दिवाळीच्या पहाटे आपण काय करतो? अगदी हेच, फक्त राजवाड्याऐवजी बाथरूममध्ये.

हा क्रम महत्त्वाचा आहे बरं का. आधी तेल, मग उटणं. कोरड्या अंगावर उटणं घासायची पद्धत नव्हती. तेलामुळे घर्षण कमी होतं आणि त्वचेला ओल राहते. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, मुलतानी माती असं सगळं बारीक कुटून वस्त्रगाळ करायचे. वस्त्रगाळ! म्हणजे कण जितका बारीक तितका ओरखडा कमी, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलेलं होतं.

सोलापूरची श्रीमंती अशी, की इथे हीच गोष्ट चार भाषांत ऐकू येते. मराठी घरात उटणं आणि हळद. तेलुगू घरात लग्नाआधी 'नलुगु', म्हणजे पीठ आणि हळदीचं चोळणं. उर्दू बोलणाऱ्या घरात उबटन. आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत संक्रांतीच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना 'यण्णीमज्जन' होतं. कानडीत 'एण्णे' म्हणजे तेल आणि 'मज्जन' म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी अक्षता, म्हणजे लग्न. लग्नाआधी तेल लावून न्हायचं, हा नियम इथे देवालाही सुटलेला नाही.

अजून एक सोलापुरी गोष्ट, जी तुमच्या बाथरूममध्ये आत्ता टांगलेली असेल. टॉवेल! सोलापूरच्या चादरीबरोबर सोलापूरच्या टेरी टॉवेललाही २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण त्याला अजून 'टर्किश टॉवेल' म्हणतो, कारण हे फाशांचं कापड मूळचं तुर्कस्तानातलं, तिथल्या हमामखान्यांतलं. त्याच हमामात 'केसे' नावाचा खरखरीत हातमोजा घालून अंगावरची मेलेली कातडी काढतात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे टॉवेल इंग्लंडने पाहिले आणि पुढे ते गिरणीत तयार होऊ लागले. तेव्हा रोज अंघोळीनंतर खसाखसा तोंड पुसणाऱ्यांनी लक्षात घ्या: तुमचं एक्सफोलिएशन रोज होतंय. दाढी करणाऱ्यांचंही होतंय, कारण वस्तरा केसांबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडतो. अशा गालावर लगेच स्क्रब म्हणजे एकाच जागी दोनदा रंधा मारणं.

व्हिएन्नाचं आम्ल आणि आपला ऊस

आता दुसरी वाट. घासायचं नाही, विरघळवायचं.

एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नामध्ये फर्डिनांड फॉन हेब्रा नावाचे त्वचारोगतज्ज्ञ चेहऱ्यावरचे डाग आणि वांग यांवर तीव्र रसायनं वापरून बघत होते. १८८२ मध्ये जर्मनीच्या पॉल उना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, फिनॉल यांचा त्वचेवर होणारा परिणाम नोंदवला. १९०३ पासून अमेरिकेत जॉर्ज मॅकी मुरमांच्या खड्ड्यांवर फिनॉल वापरू लागले. हे फिनॉल साधंसुधं नाही. ते त्वचेत खोलवर जातं, रक्तात मिसळतं आणि हृदयाची लय बिघडवू शकतं. म्हणून खोल पील आजही हृदयावर लक्ष ठेवूनच करतात. पार्लरच्या खुर्चीत करायची ती गोष्टच नव्हे.

मग १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय सौंदर्याचा नव्हताच मुळी. काही लोकांची त्वचा जन्मापासून माशाच्या खवल्यांसारखी जाड आणि कोरडी असते, त्यांच्यावर उपचार शोधायचा होता. फळं, दूध, ऊस यांत सापडणारी सौम्य आम्लं लावली तर खवले सुटतात, हे त्यांनी दाखवलं. आज तुमच्या मोबाइलवर जाहिरातीत दिसणारं प्रत्येक 'एएचए सीरम' याच शोधाचं नातवंड आहे.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध ग्लायकोलिक आम्ल उसात असतं. ऊस म्हटल्यावर सोलापूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको! दुसरं लॅक्टिक आम्ल. ते १७८० मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला आंबलेल्या दुधात सापडलं. म्हणजे आपलं दही आणि ताक. पण म्हणून उसाचा रस तोंडाला फासून पील होत नाही. औषधातलं ग्लायकोलिक आम्ल बहुतेक कारखान्यातच रासायनिक पद्धतीने बनतं, आणि त्याचं प्रमाण, त्याची तीव्रता मोजलेली असते. घरी वापरायच्या वस्तूंत ते १० टक्क्यांपर्यंत असावं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये सांगितलं. डॉक्टर २० पासून ७० टक्क्यांपर्यंत वापरतात. १० आणि ७० यांच्यात काय फरक आहे, हे बाटलीकडे बघून कळत नाही. दोन्ही पाण्यासारखंच दिसतं. म्हणूनच २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने इशारा दिला, की ऑनलाइन मिळणारे तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लावू नका, चेहरा भाजतो.

दगडसुद्धा झिजतो

आता परत पंढरपूर. शतकानुशतकं विठ्ठलाच्या मूर्तीवर दुधा-दह्याचे अभिषेक झाले, पायांना लाखो हात लागले. परिणाम? काळा दगड झिजला. पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना बोलवावं लागलं आणि मूर्तीवर संरक्षक रासायनिक लेप, म्हणजे वज्रलेप, करावा लागला. जून २०२० मध्ये, टाळेबंदीत मंदिर बंद असताना, आषाढीच्या आधी तो झाला. त्याआधीही झालेला आहे.

सगळं प्रेमाने, भक्तीने केलेलं, तरी रोजच्या घासण्याने दगड झिजतो. आपली त्वचा दगडापेक्षा एका बाबतीत नशीबवान: ती परत उगवते. पण एका बाबतीत कमनशिबी. दगड चिडत नाही, आपली त्वचा चिडते.

आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी फार तत्पर असतात. उन्हापासून वाचवायला त्या रंगाची छत्री उघडतात. जखम, भाजणं, जोरात घासणं, यातलं काहीही झालं तरी त्यांना वाटतं संकट आलं, आणि त्या जास्त रंग सोडतात. म्हणून गोऱ्या माणसाला पीलनंतर चार दिवस लाली राहते, आणि आपल्याकडे कधीकधी महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डॉक्टर त्वचेचे सहा प्रकार मानतात, ती फिट्झपॅट्रिक यांची मोजपट्टी १९७५ ची. गंमत अशी, की ती सुरुवातीला गोऱ्या लोकांपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. परदेशी व्हिडिओतला उपाय आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचं कारण इथे आहे.

मग कुणी करावं, कुणी थांबावं?

त्वचारोगतज्ज्ञ साधारण जे सांगतात ते आपल्या भाषेत मांडते तर असं:

तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स, बारीक पुटकुळ्या असतील तर सॅलिसिलिक आम्ल. ते तेलात मिसळतं, त्यामुळे छिद्रात उतरतं. पण पू भरलेली मुरमं असतील तर दाणेदार स्क्रब अजिबात नको. ती फुटतात आणि डाग मागे ठेवतात.

कोरडी, निस्तेज त्वचा असेल तर सौम्य लॅक्टिक आम्ल आठवड्यातून एखाद वेळा, नंतर मॉइश्चरायझर. बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं. आईचं डाळीचं पीठ आणि साय याच गटातलं. हलक्या हाताने आणि न घासता, एवढीच अट.

मुरमांचे जुने डाग किंवा वांग असेल तर पीलचा उपयोग होतो, पण तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच. ते आधी काही आठवडे क्रीम देऊन त्वचा तयार करतात, मग हलक्या पीलपासून सुरुवात करतात. खोल पील सावळ्या त्वचेला सहसा करत नाहीत. पार्लरमध्ये 'वांग एका सिटिंगमध्ये घालवू' म्हणाले तर सरळ उठून या.

थांबायचं कुणी? इसब, सोरायसिस किंवा चेहऱ्यावर उघडी जखम असेल त्यांनी. ओठांच्या कडेला वारंवार पाण्याचे फोड येतात त्यांनी. व्रण जाड होऊन वाढतात त्यांनी. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच संपल्या असतील तर आधी डॉक्टरांना सांगायचं. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तरीही आधी विचारायचं. सॅलिसिलिकचे पील तर टाळतातच. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच केलेल्या आठवड्यात पील नको.

आणि एक गट, ज्याबद्दल कमी बोललं जातं. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून 'गोरं व्हायची' क्रीम आणून महिनोन्‌महिने लावणारे. यातल्या अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा चमकतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, केस उगवतात. २०१८ मध्ये सरकारने अशा स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. अशा पातळ झालेल्या त्वचेवर पील म्हणजे झिरझिरीत कापडावर दगडी घासणं. पार्लरवाल्या ताईंना हे माहीत नसतं, कारण आपण सांगत नाही. सांगा. आणि पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागात दाखवा.

आता लिंबू-साखर. विठ्ठलाचे पाय गाभाऱ्यात असतात, उन्हात नाही, आणि ते दगडाचे आहेत! लिंबाचा रस फार तीव्र आंबट, शिवाय त्यातले काही घटक उन्हात गेल्यावर त्वचा भाजतात आणि काळपट चट्टे उठवतात. साखरेच्या दाण्याला कोपरे असतात, ते नाजूक गालावर ओरखडे काढतात. टाचांना, कोपरांना साखर चालेल. चेहऱ्याला हे रील वगळा.

आणि ऊन! एएचए लावलेली त्वचा उन्हाला जास्त घाबरते, आणि लावणं थांबवल्यावरही साधारण आठवडाभर तसंच राहतं. सोलापूरचा मे महिना काय असतो ते मी सांगायची गरज नाही, पारा चाळिशी केव्हाच ओलांडतो. ज्यांचं कामच उन्हात आहे, दुचाकीवर फिरणं आहे, त्यांनी पील पावसाळ्यात किंवा थंडीत करावं. सनस्क्रीन रोज लावणं जमत नसेल तर पील करूच नये. एवढा साधा नियम आहे.

म्हणून मैत्रिणी, तुझ्यासाठी: मे मध्ये लग्न आहे तर आयुष्यातलं पहिलं पील एप्रिलच्या शेवटी नको. डाग खरोखर त्रास देत असतील तर आत्ताच त्वचारोगतज्ज्ञांना भेट, हातात काही महिने असू देत. डाग नसतील तर पॅकेज नको. आईचं डाळीचं पीठ, साय, भरपूर झोप आणि स्कार्फखाली सनस्क्रीन. नवीन काहीही लावायचं तर आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस बघ.

राहिला तुझा शेवटचा शब्द: 'उजळ'. हे सगळं वाचताना मला एक गोष्ट ठळक दिसली. सुश्रुताची वीट खाजेसाठी होती, सोमेश्वराचं स्नान सुखासाठी होतं, व्हॅन स्कॉट आणि यू यांचं आम्ल आजारासाठी होतं. घासण्याला गोरेपणाशी बाजाराने घट्ट बांधलं. १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली आली, आणि तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! पील केल्याने मेलेला थर जातो, डाग फिके होतात, चेहरा तुकतुकीत दिसतो. जन्माचा रंग बदलत नाही. तो तळाच्या थरातून येतो, आणि तिथपर्यंत घासत गेलं तर हाती डागच लागतात.

पंढरपुरात ज्याला लिंबू-साखर लावतात तो काळा आहे. त्याला सावळा म्हणतच लोक शेकडो मैल चालत येतात. त्याचे पाय घासतात ते त्याचा शीण जावा म्हणून. तो उजळावा असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. हळदीच्या दिवशी तुला जे लावतील तेही तसंच लावू दे.

तुमच्या घरात उटण्याला, नलुगुला, उबटनला काय काय घालतात ते मला नक्की कळवा, आजीला विचारून व्हॉइस मेसेज पाठवलात तर सोन्याहून पिवळं. भेटू पुढच्या भागात. तोवर सनस्क्रीन लावा आणि टॉवेलने तोंड जरा हळू पुसा!